आमेनच्या जागी

३ मार्च, मंगळवार

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील तर आधीच सांगते, कोणी मेलेलं नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील अशी आशा करते. नऊ वर्षांनी पोटच्या मुलीला लिहिताना सुरुवात कशी करावी, हे मला कॉन्व्हेंटात कोणी शिकवलेलं नाही.

पत्ता कुठून मिळाला, असं तुझ्या मनात येईल. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडून. गेल्या बुधवारी तो जिना चढून आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, साहेब चार-पाच महिन्यांत फिरकले नाहीत. त्यांची तीन पत्रं माझ्याकडे पडून आहेत." पत्रं! तुझे बाबा दर पंधरा दिवसांनी चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून त्याच्याकडे जायचे. मी म्हणायचे, जगात सगळ्यांचे चष्मे टिकतात, तुमच्याच नाकावर काय भूकंप होतो? आता कळलं. नऊ वर्षं, माझ्या नाकावर टिच्चून! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस ऑपरेटर मुलींवर बावीस वर्षं नजर ठेवणाऱ्या बाईला घरातला एक म्हातारा सापडला नाही.

पाकिटं मी उघडलेली नाहीत. मागचा पत्ता तेवढा उतरवून घेतला. दुसऱ्यांची पत्रं वाचण्याइतकी मी अजून घसरलेली नाही.

बाबांची पत्रं का थांबली ते तुला कळायला हवं, एवढ्यासाठीच लिहिते आहे. ऑक्टोबरात त्यांना झटका आला. दाढी करत होते. अर्ध्या गालाचा साबण तसाच राहिला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तेवढंच असतं तर निभावलं असतं, पण वाचा गेली. हा माणूस तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांना देवाची शपथ देत होता आणि दर रविवारी चर्चमध्ये वाचन करत होता. ते वाचायला उभे राहिले की मागच्या बाकावर पेंगणारेसुद्धा ताठ बसायचे. आता त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला आहे. पाणी हवं, तोच शब्द. खिडकी लावा, तोच. मी केस विंचरून समोर उभी राहिले, तरी तोच.

आणि तो शब्द शिवी आहे.

कोणती ते लिहीत नाही. या हाताने तो शब्द कधी लिहिलेला नाही, आणि आता या वयात गिरवायला घ्यायचा नाही. सात वर्षांची असताना मी मांजरीला "मेली" म्हटलं तर सिस्टरने कपड्याचा साबण माझ्या जिभेवर ठेवून मला दोन धडे वाचायला लावले होते. ती चव अजून येते.

डॉक्टर म्हणतात, बोलण्याची जागा मेंदूत एका बाजूला असते आणि शिव्या, प्रार्थना, पाढे, गाणी वेगळ्या कप्प्यात असतात. झटक्यात पहिला कप्पा गेला की दुसऱ्यातलं काहीतरी हाताशी राहतं. मी म्हटलं, "मग प्रार्थना का नाही राहिली? सत्तर वर्षं ठासून भरल्या आहेत त्यात." ते म्हणाले, "आजी, कपाट आमच्या हातात नाही." ह्याला शिक्षण म्हणतात.

पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदाच चाकाच्या खुर्चीतून त्यांना चर्चमध्ये नेलं. नवे फादर आले आहेत, भाबडे, पण बरे आहेत. प्रवचनानंतर त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत बसायला सांगितलं. त्या शांततेत तुझे बाबा आपल्या त्या वाचनाच्या आवाजात, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा तो शब्द बोलले. मग आणखी एकदा. कॉयरमधली पेटीवाली माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच त्यांना पाठ करून आणलं होतं.

नंतर फादर म्हणाले, "बाई, त्यांचा काही दोष नाही, मला कळतं. पण थोडे दिवस घरीच... लहान मुलं असतात."

"हा शब्द मुलं शाळेच्या बसमध्येच शिकून बसली आहेत, फादर. तुमच्याआधी."

"तरी देवाच्या घरात—"

मग मात्र माझी तार सटकली. म्हटलं, शपथ वाहूच नका असं प्रभूने स्वतः सांगितलं, बरोबर? ह्यांनी तीस वर्षं त्याच्या नावाने हजारो शपथा दिल्या, त्यातल्या निम्म्या जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत. तेव्हा कोणी म्हटलं नाही, घरी बसा. आता डोक्यातली एक शीर बिघडली म्हणून माणूस बाटला? फादर बिचारे चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी घरी येऊन त्यांना कम्युनियनची भाकर देतो. ऑक्टोबरपासून त्यांना ती मिळालेली नाही. आणि ते तिच्यासाठी किती आसुसलेत, हे फक्त मला दिसतं. रविवारी सकाळी घंटा ऐकू आली की डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायला लागतात.

तेव्हा येत्या शुक्रवारी फादर येतील. "ख्रिस्ताचं शरीर" असं ते म्हणाले की ह्यांनी फक्त "आमेन" म्हणायचं. मी रोज सकाळी दहा ते अकरा शिकवते आहे. एक्स्चेंजला नवीन मुली आल्या की मी त्यांना तीनच वाक्यं आठवडाभर घोकायला लावायचे: नंबर सांगा, थांबा, आणि कोणी शिवी दिली तर "भाषा सांभाळा". एकदा बजावायचं, दुसऱ्यांदा दिली की लाइन कापायची. माझ्या हाताखाली तोतरी मुलगीसुद्धा तयार झाली, हे तर शिकलेले गृहस्थ. परवा त्यांनी "आ" म्हटलं. शुक्रवारपर्यंत होईल.

बाकी क्षेम. उत्तराची घाई नाही.

तुझी,
आई

ता.क. आपला फोन नंबर तोच आहे.


११ मार्च, बुधवार

ढब्बू बाळा,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं, असं म्हणायला मला तोंड नाही. पण आता सगळं सांगून टाकते, कारण हातात दिवस थोडे आहेत.

पहिली गोष्ट. तुझी पत्रं मी उघडली होती. चष्मेवाला जिना उतरून खाली पोचायच्या आत. मागच्या पत्रात मी साफ खोटं लिहिलं.

शुक्रवारी फादर आले. मी टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता, मेणबत्ती लावली होती, ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. सकाळी ह्यांनी दोनदा "आमे" म्हटलं होतं! फादरनी भाकरीची डबी उघडली, समोर आले आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." तुझ्या बाबांनी वर पाहिलं. इतक्या महिन्यांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. ते मनापासून, डोळ्यांत पाणी आणून, तो शब्द म्हणाले.

आमेनच्या जागी. तोच शब्द.

फादर एक पाऊल मागे सरले. एकच पाऊल, पण ह्यांनी ते पाहिलं. ह्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. आणि तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा मी त्यावर हात दाबला.

आधी मी असं लिहिणार होते की मी हात ठेवला. ठेवला नाही, दाबला. दोन्ही हातांनी. त्यांना सर्दी होती, नाक बंद होतं, ते मला माहीत होतं. रात्रभर वाफ मीच दिली होती. फादर म्हणत होते, "बाई, हात काढा. बाई! हात काढा!" आणि मी म्हणत होते, "भाषा सांभाळा." माझ्या नवऱ्याला. त्यांचा डावा हात माझ्या मनगटाशी आला, पण त्यांनी मला ढकललं नाही. नुसतं धरलं. शेवटी फादरनी डबी टेबलावर ठेवून माझी बोटं सोडवली. ह्यांचे ओठ निळे झाले होते.

त्यानंतर ढब्बू, त्यांनी तोंड मिटलं आहे. शब्द नाही, तोही नाही. आणि अन्न नाही. मी चमचा नेला की दात घट्ट. चमच्याने दूध घालते, ते गालावरून उशीवर येतं. ओला बोळा ओठांवर फिरवू देतात, तेवढंच पाणी. पाच दिवस. नर्स आली, तिलाही नाही. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल, आणि ह्या हृदयाला ते किती झेपेल त्याची खात्री नाही. फादर रोज येतात. काल जिन्यात रडायला आले होते. "मी मागे सरायला नको होतं, मी घाबरलो," म्हणाले. "आता आमेन नको, काही नको. त्यांनी नुसतं तोंड उघडावं." मागच्या पत्रात त्यांना मी भाबडे म्हटलं होतं, ते मागे घेते.

पण तोंड मी बंद केलं आहे. फादरनी नाही.

आता तो शब्द. तो त्यांच्या कप्प्यात आला कुठून, यावर मी पाच महिने डोकं आपटलं. त्या माणसाने जन्मात शिवी दिली नाही. पायावर इस्त्री पडली तर "अरे देवा" म्हणणारा माणूस. पण मला सगळं माहीत होतं. आपल्या माणसांपैकी कोणाच्याही तोंडून तो शब्द त्यांनी फक्त एकाच दिवशी ऐकला, आणि तेव्हा ते तिथे थर्मास धरून उभे होते.

नऊ वर्षांपूर्वी, त्या वॉर्डात. तुझं गेलेलं बाळ नर्स कापडात गुंडाळून घेऊन गेल्या होत्या. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी म्हटलं, देवाची इच्छा. तू वळलीस आणि माझ्या देवाला तो शब्द म्हणालीस. मी काय म्हटलं ते तू विसरली नसशील. भाषा सांभाळ. तू पुन्हा म्हणालीस, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. मी पर्स उचलली आणि निघाले. तुझ्या उशाशी बाळाचं मी विणलेलं टोपडं होतं, तेसुद्धा घेऊन निघाले. ते का घेतलं, मला आजतागायत सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट लिहायला मी उठून दोनदा पाणी पिऊन आले.

आठव्या दिवशी तू फोन केलास. तू म्हणालीस, "आई, दूध थांबत नाहीये. बाळ नाही आणि दूध येतंय, सगळे कपडे भिजलेत. मी काय करू?" आणि मग, "तुझ्या देवाला एवढंसुद्धा कळत नाही का," आणि पुन्हा तो शब्द. बजावूनसुद्धा. माझा हात आपोआप गेला. लाइन कापली.

गार पाण्याच्या घड्या, घट्ट पट्टा, आणि चार दिवस धीर. मला माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मला "काय करू" ऐकूच आलं नव्हतं. एवढ्या लांबून तू हाक मारलीस आणि मी त्यातला एक शब्द ऐकला.

बाबांनी पेपरवरून डोकं वर काढून विचारलं, "कोण होतं?"

मी म्हटलं, "राँग नंबर."

तू परत फोन केला नाहीस. मी स्वतःला सांगत राहिले की ती माफी मागेल, आधी ती मागेल. नऊ वर्षं मी दर शनिवारी फादरपुढे गुडघे टेकून पापं सांगितली: शेजारणीचा राग आला, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. हे कधीच सांगितलं नाही. हे पाप आहे असं वाटलंच नाही, कारण त्यात वाईट शब्द एकही नव्हता.

आणि आता तुझ्या पत्रात वाचते: "बाबा, त्या राँग नंबरबद्दल तुम्ही पुन्हा माफी मागू नका. फोन तुम्ही ठेवला नव्हता." म्हणजे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. नऊ वर्षं माझ्यासमोर बसून जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. तो एक शब्द त्यांनी तोंडात धरून ठेवला असेल का गं? आणि धरला असेल तर कोणासाठी? देवासाठी की माझ्यासाठी? आता विचारायची सोय मीच ठेवली नाही.

सिस्टर आम्हाला त्या शिष्याची गोष्ट सांगायच्या, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री तो शेकोटीपाशी उभा राहून शिव्याशाप देत, शपथा वाहत म्हणाला की मी त्या माणसाला ओळखत नाही. आम्ही मुली घाबरून जायचो. बापरे, शिव्या दिल्या! सगळी गोष्ट ऐकून आमच्या लक्षात राहिलं ते एवढंच. काल मी ती पुन्हा मनाशी आठवली. प्रभूने आधीच सांगितल्याप्रमाणे कोंबडा आरवला तेव्हा तो शिव्यांसाठी रडला नाही. तो "ओळखत नाही" यासाठी रडला. मी तेच म्हटलं होतं, सभ्य भाषेत, आणि माझ्यासाठी कोंबडासुद्धा आरवला नाही.

तू बंदरावर क्रेन चालवतेस, पंचवीस पुरुषांत एकटी, आणि तुझी शिवी ऐकली की मोठमोठे हमाल टोपी काढतात असं तू बाबांना लिहिलं आहेस. त्यांनी तुझं ते पत्र वाचलं नाही, चष्मेवाल्याच्या खणात पडून होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटलेले होते. पण शर्टाच्या वरच्या बटणाशी हात गेला.

ये म्हणायचा मला अधिकार नाही. तरी म्हणते.

आई


१२ मार्च, गुरुवार, सकाळ

ढब्बू,

कालचं पत्र टपालात टाकलं आणि कळलं की ते पोचेपर्यंत सोमवार उजाडेल. म्हणून हे कुरिअरने पाठवते. उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल असं त्याने सांगितलं आहे. आधी हेच मिळेल, तर काही संदर्भ लागणार नाहीत. त्याची फिकीर करू नकोस. बाबांनी सहा दिवसांत काही खाल्लेलं नाही, आणि ते माझ्यामुळे. एवढं पुरे आहे.

सकाळी मी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "तो शब्द तुम्ही मला म्हणत होतात का?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "असेल तर म्हणा. हजारदा म्हणा. मी हात मांडीखाली घेऊन बसते." आणि बसले, खरंच. शाळेत बसवायच्या तशी. काही नाही.

मग मी स्वतः म्हटला. आयुष्यात पहिल्यांदा. हरामखोर. हा बघ, लिहिलासुद्धा, आणि कागद फाटला नाही. मी म्हटलं, "हरामखोर." फार वाईट म्हटला गं. "नंबर सांगा" म्हणावं तसा निघाला. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि नाकातून फुसकन हवा सोडली. सेहेचाळीस वर्षांचा संसार आहे, ते हसू मला ओळखू येतं. पण दात उघडले नाहीत. माझ्या तोंडी तो शब्द खोटाच. माझा नाहीच तो. तुझा आहे. तुझ्याकडून त्यांनी घेतला आहे, आणि मी त्यांच्या तोंडातून तो ओरबाडून काढला.

सुट्टी काढून तिकडून इथवर यायला तुला दोन दिवस लागतील, आणि तू येशीलच असं मी धरून चाललेली नाही. पण फोन तर लागतो. तुझा नंबर माझ्याकडे नाही, आपला तोच आहे. नर्सने टेलिफोन त्यांच्या खुर्चीपाशी आणून ठेवला आहे, वायर पोचते. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून धरेन. तू बोल. कशी आहेस, क्रेन किती उंच आहे, काहीही. पण पहिला शब्द तोच म्हण. वॉर्डात म्हणाली होतीस तसा, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. देवाला म्हण. मला म्हण. मला तर म्हणच. फादर कोपऱ्यात डबी घेऊन बसणार आहेत. त्यांना मी सांगितलं आहे, कान झाकायचे नाहीत आणि मागे सरायचं नाही. ते म्हणाले, "बाई, मी खुर्चीला घट्ट धरून बसतो." एवढ्यातही मला हसू आलं, मग रडू.

एखाद्या वेळी ते तोंड उघडतील. एखाद्या वेळी उत्तर देतील, तोच शब्द, आमेनच्या जागी. मग तुम्ही दोघं तो हवा तितक्या वेळा म्हणा. तासभर म्हणा.

तुझं टोपडं माझ्याकडे आहे. कपाटात वरच्या खणात, नऊ वर्षं. ये किंवा येऊ नकोस, ते तुझं आहे.

शुक्रवारी दुपारपासून मी फोनपाशी आहे. माझे हात रिकामे असतील. काहीही ऐकू आलं तरी मी रिसीव्हर खाली ठेवणार नाही.

लाइनवर थांबलेली,
आई